नौकाविहार कोणाचा, पायपीट कोणाची?

'टाळेबंदी' हा शब्द कामगार चळवळीला नवा नाही. मालकाने गिरणीच्या दाराला कुलूप ठोकले आणि कामगारांना बाहेर ठेवले की त्याला टाळेबंदी म्हणत. तिच्याविरुद्ध दाद मागण्यासाठी कायदा होता, संघटना होती, रस्ता होता. मार्च २०२० मध्ये हाच शब्द साऱ्या देशाला लागू झाला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्री अंमल सुरू झाला. या वेळी दाद मागण्यासाठी रस्ताही मोकळा नव्हता. त्या काळातील रुग्णांची, मृत्यूंची आणि लसींची आकडेमोड पुष्कळ झाली. परंतु बंद करताना कोणाला किती बंद केले आणि उघडताना कोणाला आधी उघडले, हा हिशेब मात्र बाजूलाच राहिला. तो मांडल्याखेरीज पुढच्या साथीची तयारी पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

या हिशेबातील एक लहानशी नोंद लक्षात घेण्याजोगी आहे. २३ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने प्रतिबंधित क्षेत्राबाहेर जलक्रीडा, नौकाविहार आणि मनोरंजन उद्याने यांना परवानगी दिली. मुंबईच्या लोकलचा डबा सर्वसामान्य प्रवाशाला, तोही ठराविक वेळांतच, खुला झाला १ फेब्रुवारी २०२१ रोजी. आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीच्या वर्गांची दारे उघडली १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील एखाद्या तांड्यावरच्या पहिलीतल्या मुलाला शाळेची पायरी चढण्यासाठी नौकाविहारानंतर जवळजवळ एक वर्ष थांबावे लागले. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नौकाही पुन्हा किनाऱ्याला बांधल्या गेल्या, हे खरे. तथापि कोणत्या दाराची कडी प्रथम काढावीशी वाटली, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. शिडाच्या होडीतून एकटा, अथवा आपल्या घरच्या माणसांसह, खुल्या पाण्यावर जाणारा मनुष्य रोग पसरवीत नाही. वाहता वारा आणि माणसांतील अंतर यांनी संसर्गाचा धोका कमी होतो. बंद डब्यात आणि कोंदट खोलीत तो वाढतो. ब्रिटनमध्ये २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथील रॉयल यॉटिंग असोसिएशनने आपल्या सभासदांना समुद्रावर न जाण्याचे आवाहन केले. त्यामागे मुख्य विचार असा होता की, हौशी नाविक संकटात सापडला तर त्याला वाचविण्यासाठी निघणाऱ्या जीवरक्षकांना आणि रुग्णालयांना नसता भार सोसावा लागेल. १३ मेपासून इंग्लंडमध्ये ही मोकळीक परत मिळाली. निर्बंधाचे कारण सांगता आले, लोकांना ते पटले, आणि कारण ओसरताच निर्बंधही गेला. निर्बंध असा असावा.

दुसरे असे की, आपल्याकडे नौकाविहार हा केवळ धनिकांचा षोक नाही. तारकर्ली-मालवणचा होडीवाला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावरचा नावाडी पर्यटकांच्या चार पैशांवरच जगतो. मार्चपासून डिसेंबरपर्यंत त्याची होडी उलटी पडून होती. त्या नऊ महिन्यांच्या बुडीत मजुरीची भरपाई करण्याची जबाबदारी शासनाने घेतली नाही. तेव्हा पर्यटक येऊ द्या, एवढीच मागणी त्याच्यापाशी उरली. त्याची मागणी रास्त होती. सबब या लेखाचा रोख होडीवर नाही. रोख आहे तो ज्या तराजूने सवलती तोलल्या गेल्या त्या तराजूवर.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर टाळेबंदी ही एक प्रकारची रेशनिंगची व्यवस्था होती. धान्य, साखर, रॉकेल यांऐवजी या वेळी टंचाई होती ती हालचालीची. किती माणसांनी, कोठे आणि कशासाठी बाहेर पडावे, याला मर्यादा घालणे साथीत आवश्यक होते. परंतु वस्तूची टंचाई असली की ती वाटण्याचे दोनच मार्ग असतात. एक मार्ग गरजेचा, दुसरा ऐपतीचा. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा, काळाबाजार कितीही झाला तरी, माणशी माप हे तत्त्व कागदावर तरी होते. २०२० मध्ये हालचालीचे रेशनिंग झाले, पण माणशी माप कोणी ठरविले नाही. मग ज्याच्यापाशी मोटार, ओळख वा स्वतःची नौका होती त्याचे माप भरले. ज्याच्यापाशी केवळ पाय होते, त्याचे पायच गुन्हा ठरले.

उदाहरणे दूरची आहेत, तशीच जवळचीही. मार्च २०२० च्या अखेरीस हॉलिवूडमधील अब्जाधीश डेव्हिड गेफेन यांनी आपल्या 'रायझिंग सन' या अवाढव्य विहारनौकेचे छायाचित्र जगापुढे ठेवले. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडाइन्स बेटांपाशी ते साथीपासून दूर राहिले होते. सर्वत्र टीकेचा भडिमार झाला. महाराष्ट्रात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वाधवान कुटुंबीय आणि त्यांच्यासमवेतची माणसे, मिळून २३ जण, मोटारींतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले. जिल्ह्याच्या सीमा बंद असताना त्यांच्याजवळ गृहखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. बोभाटा झाल्यावर अधिकारी सक्तीच्या रजेवर गेले आणि पुढे सेवेत परतलेही.

याच काळात समुद्राची दुसरी बाजू पाहावी. विहारनौकेचा मालक नौकेवर चढू शकत होता, पण जहाजावरचा कामगार जहाजावरून उतरू शकत नव्हता. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेच सांगितले. 'मरेला डिस्कव्हरी' या पर्यटन जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईचा किनारा जवळ असूनही पाण्यावर तिष्ठत राहिले. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात त्यांना उतरू दिले गेले. गुजरातच्या मासेमारी नौकांवर राबणारे डहाणू-तलासरीचे आदिवासी खलाशी समुद्रमार्गे घराकडे निघाले तेव्हा त्यांनाही किनाऱ्यावर पाय ठेवू देण्यास विरोध झाला. पाणी तेच, साथही तीच होती. फरक होता तो नौकेवरील माणसाच्या ऐपतीचा.

महागावला समुद्र नाही. तेथे आहे पूस नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि तालुक्यातून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग. कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या या भागातून, विशेषतः बंजारा तांड्यांतून, दरवर्षी माणसे पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आणि ऊसतोडीला जातात. टाळेबंदीचा या तालुक्याला झालेला अर्थ या महामार्गावर दिसला. १९ मे २०२० च्या पहाटे सोलापूरहून नागपूरच्या रेल्वेस्थानकाकडे परप्रांतीय मजुरांना नेणारी एस. टी. बस शेजारच्या आर्णी तालुक्यात मालमोटारीवर आदळली. चौघे मृत्यू पावले. त्याआधी ८ मे रोजी जालन्याहून पायी निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले होते. ही माणसे विहाराला निघाली नव्हती. ती घरी निघाली होती.

जे शेतावर होते त्यांचीही स्थिती वेगळी नव्हती. मार्चअखेर कापसाची सरकारी खरेदी थांबली. एप्रिलच्या उत्तरार्धात ती सुरू झाली, पण दिवसाला मोजक्याच गाड्यांची नोंद घेतली जाई. मृग तोंडावर आला तरी विदर्भातील अनेक घरांत कापूस पडून होता. पेरणीसाठी पैसा हवा, आणि पैसा तर घरात कापसाच्या रूपाने अडकलेला. ज्याला थांबणे शक्य नव्हते त्याने तो व्यापाऱ्याला पडेल भावाने दिला. बियाण्याच्या आधी कापूस मोजला जावा, ही गरज होती. पण त्या गरजेसाठी मंत्रालयात पत्र लिहिणारा अधिकारी भेटला नाही.

यावर असे म्हटले जाते की, संकट अकस्मात आले, क्रम ठरविण्यास वेळ नव्हता. पहिल्या आठवड्यापुरता हा युक्तिवाद मान्य करता येईल. नऊ महिन्यांनंतर, वीस महिन्यांनंतर तो टिकत नाही. मुळात ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला गेला तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. परक्या सरकारने केलेल्या त्या त्रोटक कायद्यात अधिकार सारे शासनाचे, आणि नागरिकाच्या वाट्याला आज्ञापालन. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात अन्न, निवारा, पाणी, औषधोपचार यांची किमान मानके ठरविण्याचे बंधन होते. या कलमाच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निर्णय दिला आणि कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना पुढे ५० हजार रुपये मिळाले. पण जो रोगाने नव्हे तर रस्त्यावर मेला, त्याचे काय? १४ सप्टेंबर २०२० रोजी संसदेत केंद्रीय श्रम मंत्रालयाने सांगितले की, १ कोटी ४ लाखांवर स्थलांतरित मजूर परतले, मात्र वाटेत किती दगावले याची माहिती ठेवलेली नाही. नोंद नाही म्हणून भरपाईचा प्रश्न नाही, हे त्याचे तात्पर्य. ज्याची मोजदाद होत नाही त्याचे देणेही लागत नाही, असा हा अर्थव्यवहार आहे.

यास्तव केवळ संतापून भागणार नाही. धनिकाची नौका अडवली म्हणून मजुराला घर मिळत नाही. कार्यकर्त्यांनी मागणी करावयाची ती नियमाची, आणि साथ नसतानाच. पहिली मागणी अशी की, हालचालीवर निर्बंध घालताना प्राधान्याचा क्रम कायद्यातच लिहिलेला असावा. घरी परतणारा मजूर, उपचारासाठी निघालेला रुग्ण, शेतमाल आणि प्राथमिक शाळा यांचा क्रम करमणुकीच्या आधी लागला पाहिजे, आणि तो मोडणाऱ्या आदेशाचे कारण लेखी दिले पाहिजे. दुसरी अशी की, ज्याचा रोजगार शासकीय आदेशाने बंद होतो, तो बांधकाम मजूर असो की तारकर्लीचा होडीवाला, त्याला बंद दिवसांची किमान मजुरी मिळाली पाहिजे. २८ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मजुरांकडून प्रवासभाडे घेऊ नये असा आदेश दिला, पण तोवर लक्षावधी माणसे आपल्या खर्चाने अथवा पायी निघून गेली होती. हा हक्क न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहणारा असू नये. तिसरी अशी की, प्रत्येक ग्रामपंचायतीत बाहेरगावी जाणाऱ्या मजुरांची नोंदवही असावी. ती तयार करण्यास मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. महागावचे कार्यकर्ते हे काम या दिवाळीनंतर, टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी, स्वतः सुरू करू शकतात.

आणि नौका? तिची गरज महागावलाही लागते. २२ जुलै २०२३ रोजी याच तालुक्यातील आनंदनगर पुराने वेढले गेले, माणसे पाण्यात अडकली, आणि त्यांच्या सुटकेसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांना धाव घ्यावी लागली. महागावच्या माणसाला नौका आठवते ती अशा दिवशी. विहार ज्याला परवडतो त्याने तो खुशाल करावा. पण शासनाची नौका प्रथम कोणाच्या दाराशी लागली पाहिजे, याचे उत्तर पुढचा पूर आणि पुढची साथ येण्यापूर्वी मिळवून ठेवणे, हे राजकीय काम आहे, आणि ते आजच हाती घ्यावयाचे आहे.