डिस्क दोषी ठरविण्यापूर्वी

विंडोज एक्सपीला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, तेव्हा जुन्या संगणकांच्या दुरुस्तीचा व्यवसाय हळूहळू आटत जाईल असा आपल्यापैकी पुष्कळांचा कयास होता. परंतु ज्या कारखान्यातील कर्तनयंत्राचे किंवा ज्या प्रयोगशाळेतील मापनयंत्राचे कार्ड त्याच एका प्रणालीखाली चालते, तेथे संगणक बदलणे म्हणजे सबंध यंत्रच बदलणे असल्यामुळे, त्या यंत्राचा मालक आजही आपल्याच दुकानाची पायरी चढतो, आणि त्याची तक्रार बहुधा तीन शब्दांत आटोपते : हार्ड डिस्क गेली. ग्राहकाने असे म्हणणे क्षम्य आहे. तंत्रज्ञाने ते तपासाविना मान्य करून डिस्क फॉरमॅट करावयास घेणे मात्र क्षम्य नाही.

संगणक सुरू होताना काय घडते, याचे विस्मरण हे या घाईचे मूळ आहे. आरंभीचा कारभार सर्वस्वी बायोसच्या अखत्यारीत असतो. एनटीएलडीआर हा छोटा कार्यक्रम बायोसच्याच जुन्या सेवेमार्फत डिस्क वाचतो आणि कर्नल, रजिस्ट्रीचे सिस्टिम दप्तर व आरंभीच लागणारे ड्रायव्हर यांना स्मृतीत आणून ठेवतो. त्यानंतर कर्नल बायोसला रजा देऊन सूत्रे स्वतःच्या हाती घेतो, आणि त्या क्षणापासून डिस्कवरील प्रत्येक सेक्टर त्याला आपल्याच ड्रायव्हरमार्फत मिळवावा लागतो. हा ड्रायव्हर समोरच्या कंट्रोलरचा नसेल, तर क्षणापूर्वी बिनतक्रार वाचली गेलेली डिस्क कर्नलला दिसेनाशी होते आणि ‘७बी’ क्रमांकाचा निळा पडदा येतो. म्हणजे निळ्या पडद्यापूर्वी विंडोजचे बोधचिन्ह उमटले असेल, तर डिस्क निदान तोपर्यंत वाचता येत होती याचा तो दाखलाच होय. फाइल प्रणाली बिघडल्याने किंवा बूट सेक्टरमधील विषाणूमुळेही हाच क्रमांक येऊ शकतो, हे खरे. पण म्हणूनच डिस्कची सेक्टरवार प्रतिमा काढून ठेवणे आणि तिचा स्मार्ट अहवाल पाहणे ही दोन कामे अन्य कोणत्याही प्रयोगाच्या अगोदर झाली पाहिजेत.

या तक्रारीचे एक कारण इतके क्षुल्लक आहे की ते कोणाच्या ध्यानी येत नाही. मदरबोर्डवरील सीआर-२०३२ सेल संपतो, बायोसच्या मांडण्या कारखान्यातून आल्या तशा मूळ स्थितीला जातात, आणि आजवर आयडीई पद्धतीने चालत आलेला साटा कंट्रोलर एका रात्रीत एएचसीआय पद्धतीवर जातो. सकाळी यंत्र सुरू होत नाही. डिस्क शाबूत असते, विंडोज शाबूत असते, आणि उपाय म्हणजे नवा सेल घालून बायोसमधील एक नोंद पूर्ववत करणे एवढाच असतो. त्याऐवजी विंडोज नव्याने बसविले, तर यंत्राच्या उत्पादकाने दिलेली आणि आता कोठेही न मिळणारी परिमाणांची फाइल त्या खटाटोपात कायमची नष्ट होते.

विंडोज नव्यानेच बसविणे भाग पडते, तेथील अडचण निराळी आहे. एक्सपी बाजारात आले ऑक्टोबर २००१ मध्ये, आणि एएचसीआयचे पहिले मानक प्रसिद्ध झाले २००४ मध्ये. तेव्हा एक्सपीच्या तबकडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही, यात दोष कोणाचाच नाही. परंतु ड्रायव्हर डिस्कवर ठेवावयाचा आणि डिस्क वाचण्यास तोच हवा, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखे झाले. यावर योजलेला मार्ग एफ-६ चा : बसवणुकीच्या आरंभी काही क्षणच दिसणाऱ्या सूचनेच्या वेळी ती कळ दाबावी, पुढे एस दाबून फ्लॉपी पुरवावी, आणि यादीतून नेमका कंट्रोलर निवडावा. फायली डिस्कवर उतरविताना तीच फ्लॉपी पुन्हा मागितली जाते, म्हणून ती काढून ठेवू नये. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हची मोजकीच मॉडेल या बसवणुकीला ओळखू येतात, ही गोष्ट अनेकांच्या वैतागाचे कारण ठरली आहे. एनलाइट या साधनाने ड्रायव्हर तबकडीतच मिसळून घेणे अधिक सोयीचे. मात्र तेथे ‘टेक्स्टमोड’ हाच प्रकार निवडावा लागतो, साध्या प्लग अँड प्ले प्रकाराने काम भागत नाही.

निवड अंदाजाने करू नये, कारण यादीतील नावे एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. इंटेलच्या आयसीएच-७ कुटुंबात टेबलावरच्या संगणकाचा कंट्रोलर आयडीई पद्धतीत २७सी०, एएचसीआय पद्धतीत २७सी१, आणि लॅपटॉपमधील एएचसीआय २७सी५ अशी ओळख सांगतो. ८०८६ या उत्पादक क्रमांकामागून येणारा हा क्रमांक वाचला की वादाला जागा उरत नाही.

पण मुळात एएचसीआयचा एवढा आग्रह धरावयाचा कशासाठी? आमचे स्पष्ट मत असे की, बायोसमध्ये आयडीई पद्धतीची सोय असेल तर एक्सपीसाठी तीच निवडावी आणि त्यात कमीपणा मानू नये. आज्ञांची रांग लावण्याची एएचसीआयची शक्ती, एकच फिरती डिस्क आणि एकच कार्यक्रम असलेल्या यंत्रावर जाणवण्याजोगी नसते. आणि एसएसडी लावली तरी एक्सपी तिला ट्रिमची आज्ञा देतच नाही. ज्या लॅपटॉपांत ही सोय ठेवलेलीच नाही, तेथे ड्रायव्हरचा खटाटोप अपरिहार्य आहे. मदरबोर्ड बदलल्याने ‘७बी’ उद्भवला असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या ३१४०८२ क्रमांकाच्या टिपणात दिलेल्या रजिस्ट्री-नोंदी आजही कामी येतात. विंडोज ७ वर मात्र आयडीईवरून एएचसीआयकडे जाणे सोपे आहे. बायोसला हात लावण्यापूर्वी एमएसएएचसीआय सेवेची ‘स्टार्ट’ किंमत ३ वरून ० केली की झाले.

आणखी दोन गोष्टी ओघात सांगतो. पहिल्या सर्व्हिस पॅकविना असलेल्या मूळ एक्सपीला १३७ जीबीपलीकडची जागा हाताळता येत नाही, तेथे मोठी डिस्क जोडणे म्हणजे विदा पणाला लावणे. आणि चालता चालता अतिमंद झालेल्या आयडीई संगणकात डिस्कला बोल लावण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वाहिनीची स्थिती पाहावी. सहा चुका साठल्या की एक्सपी वेग एकेक पायरी उतरवीत शेवटी पीआयओवर आणून ठेवते, आणि त्या चुकांचे उगमस्थान पुष्कळदा ८० तारांऐवजी लावलेली ४० तारांची पट्टी हे असते. पट्टी बदलावी, वाहिनी काढून टाकून संगणक पुन्हा सुरू करावा.

आमची विनंती एवढीच की, प्रत्येक जुन्या यंत्राच्या पेटीत आतल्या बाजूस एक कागद चिकटवावा आणि त्यावर बायोसमधील कंट्रोलरची पद्धत, त्याचा ओळख-क्रमांक, बसविलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती व सेल बदलल्याची तारीख लिहावी. ड्रायव्हरची एक प्रत ग्राहकाजवळ व एक आपल्या दप्तरी ठेवावी. ज्यांनी असे टिपण आधीच चालू केले असेल, त्यांनी त्याचा नमुना आमच्याकडे पाठवावा. उपयुक्त नमुने पुढील अंकांतून छापू.