ढाळज कोरताना

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरातली दगडमातीची, माळवदाची घरं कोसळली. त्याच लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या शाळांनी मुलांकडून ती घरं ठशांत उतरवून घ्यावीत.

अलीगढला जन्मलेल्या मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांनी १९९९मधल्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या ३६ लाकडी ठशांच्या संचात सुटलेलं घर मोजक्या रेषांत मांडलं. सोबत एकेक उर्दू शब्द.

ठशात कोरलेला भाग कोरा राहतो, चित्र उलटं उमटतं. त्यामुळे काय कुठे कोरायचं, ते आधी ठरवावं लागतं. पडलेल्या घराची ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची जागा, कुठल्या अंगाला होती, हे आजीला विचारल्याशिवाय नातवाला कोरणी टेकवताच येणार नाही. छायाचित्र ही विचारपूस मागत नाही!

खर्चही फार नाही. छापयंत्र नसलं तरी पळीच्या पाठीने कागद घासून ठसा उठतो, नि हव्या तेवढ्या नातलगांना प्रत मिळते.