टक्क्यांवरून निवाडा नको

2025च्या दहावीच्या निकालात कलबुर्गी जिल्हा कर्नाटक राज्यात शेवटचा आला. उत्तीर्णांचे प्रमाण 42.43 टक्के, आदल्या वर्षी ते 53 टक्के होते. एवढ्यावरून कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाचा ‘अक्षर आविष्कार’ हा शिक्षण सुधारण्याचा उपक्रम फसला, असे म्हणणे चूक आहे. त्याच वर्षी सगळ्या राज्याचा निकाल 73.40 वरून 62.34 टक्क्यांवर आला. कलबुर्गी जितके घसरले, जवळजवळ तितकेच राज्यही घसरले. शेजारच्या बीदर जिल्ह्याची घसरण तर चार टक्क्यांच्या आसपासच राहिली.

मुळात बदलली ती मोजपट्टी. 2024 मध्ये परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग आले, कॉपीला चाप बसला, निकाल कोसळू लागला. तो सावरण्यासाठी वाढीव (ग्रेस) गुणांची मर्यादा 20 टक्क्यांवर नेली गेली. पुढच्या वर्षी ही सवलत गेली. कोविडच्या 2021 साली तर 99.9 टक्के मुले उत्तीर्ण झाली होती. अशा आकड्यांवरून शिकवणे सुधारले की बिघडले, हे कोणालाही सांगता येणार नाही.

निकाल वाढला की श्रेय घ्यायला गर्दी होते, तेव्हाही हीच सावधगिरी हवी. तळाला गेलेला आकडा पुढच्या खेपेस बरेचदा आपोआपच थोडा वर येतो.

बीदर-कलबुर्गी जिल्ह्यांतील औराद, भालकी, आळंदच्या छोट्या मराठी शाळांवर या टक्केवारीने सर्वाधिक अन्याय होतो. वर्गात बारा मुले असतील, तर एक नापास झाला की आठ टक्के गेले. त्यासाठी शिक्षकाकडे खुलासा कसला मागायचा? उलट या धाकाने कच्च्या मुलाला नववीतच अडवले, तर शाळेचा निकाल चढतो आणि त्या मुलाची शाळा सुटते.

परिणाम नीट मोजणे इथे अशक्य नाही. माध्यान्ह भोजनात अंडी सुरू झाली, तेव्हा ती मिळणाऱ्या यादगीरच्या मुलांची तुलना न मिळणाऱ्या गदगच्या मुलांशी केली गेली होती. पण हे दोन जिल्हे मुळातच वेगळे. म्हणून मंडळाने एकाच तालुक्यातील शाळांतून उपक्रमाच्या पहिल्या टप्प्याच्या शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, शिफारशींवरून नव्हे. निवडलेल्या आणि न निवडलेल्या अशा दोन्ही गटांतील त्याच मुलांचे वाचन आणि गणित वर्षाच्या आरंभी व अखेरीस तपासावे. मराठी माध्यमाच्या मुलांचे मराठीतून. मधेच गळालेल्यांचीही नोंद ठेवावी आणि हे सारे आकडे, गैरसोयीचे असले तरी, तालुकावार जाहीर करावेत.