बांबूचा हिशेब, घरातलं भांडण

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. सगळा व्यवहार गावासमोर. बांबूचा हिशेब असाच उघडा हवा. पण जिवतीपासून भामरागडपर्यंत जमातीच्या पंचायतीत नवरा-बायकोचं भांडणही असंच उघड्यावर निघतं. मूल का होत नाही, त्या रात्री कुठं होतीस, हे बाईला चुलतसासऱ्यासमोर आणि शाळकरी पोरांसमोर विचारलं जातं.

पंचायत बंद करा, असं मी म्हणणार नाही. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. गोंड-माडियांची सोडचिठ्ठी रूढीनेच होते. 1996 चा पेसा कायदाही तंटे सोडवण्याची पारंपरिक रीत जपायला सांगतो. शिवाय सिरोंच्याहून गडचिरोलीच्या कोर्टात एका तारखेला जायचं म्हणजे मजुरी बुडालीच.

मात्र 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार दोघांपैकी एकानेही मागणी केली, तर सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. एवढी मुभा गावातल्या बाईला का नको? पंचांनी दोघांना वेगवेगळं ऐकावं आणि गावाला फक्त निर्णय सांगावा: मुलं कुणाकडे, दागिने कुणाचे, पोटगी किती. रूढीची सोडचिठ्ठी कोर्टात सिद्ध करावी लागते, म्हणून कागद हवाच. पण त्यावर बाईच्या चारित्र्याची कहाणी कशाला? रेशनकार्डातलं नाव बदलायला गेली की तोच कागद कारकून वाचणार.

निःपक्षपातीपणाचं कोडं अवघड आहे. मामा-आत्याच्या पोरांत लग्नं होतात तिथं बिननात्याचा पंच आणायचा कुठून? नातं असू द्या. पण नको असलेला पंच नाकारायचा हक्क दोन्ही बाजूंना हवा, एखादा पंच इलाक्यातल्या दुसऱ्या गावचा हवा आणि पंचांत बायका हव्यात. निवाडा पटला नाही म्हणून वाळीत टाकणं तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हाच ठरवलंय.

राहिला दंड. त्यातून बकरं कापलं जातं, दारू येते आणि पंगतीला पहिले बसतात ते पंच! पक्षकाराच्या पैशानं जेवणाऱ्या न्यायाधीशाची चौकशी लागते. दंड घ्यायचाच तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाती द्या. पंगत बंद झाल्यावर पंच म्हणून बसायला किती जण येतात, ते एकदा बघायचंय.