झाडूच्या आड जादू

परवा भर दुपारी आमच्याकडचं वरण खाली लागलं. कारण ऐकाल तर हसाल. मी स्वतःच हसत होते! एका हातात डाव, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि डोळ्यांत हसून हसून पाणी. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, एकटीच काय हसतेस?" मी पुस्तक पटकन डब्यामागे सरकवलं. जणू चोरीच केली होती!

मागाहून माझं मलाच नवल वाटलं. पाककृतींचं पुस्तक असतं, मुलांच्या आजारांवरचं असतं किंवा शाळेचं क्रमिक पुस्तक असतं, तर मी लपवलं असतं का? आपण बायका 'उपयोगाचं' वाचत असलो की घरात कुणाचं काही म्हणणं नसतं. पण नुसतं हसण्यासाठी वाचायचं, त्यातही चेटकिणी आणि जादूगारांचं, म्हणजे वेळ फुकट घालवणंच की! म्हणूनच आज त्या पुस्तकाबद्दल लिहिते आहे.

भाच्याच्या ढिगातून मला मिळालेलं हे पुस्तक टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचं आहे. नाव 'इक्वल राइट्स', साल 1987. नावातच गंमत आहे बरं का. कानाला ऐकू येतात 'समान हक्क', पण लेखकानं स्पेलिंग वापरलंय ते धार्मिक विधींसाठीच्या शब्दाचं. त्याच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतली ही तिसरी कादंबरी. 1983 पासून 2015 पर्यंत या मालिकेत एकूण 41 कादंबऱ्या निघाल्या. शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशाच्या आजारानं त्याला स्वतःच्या हातानं टाइप करता येईना, तरी तो तोंडी सांगून लिहीत राहिला. 2015 च्या मार्चमध्ये तो गेला.

त्याचं जग ताटासारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर! दिग्गज आणि कूर्म ठाऊक असलेल्या आपल्याला यात फारसं नवल वाटणार नाही. पण तिथले पंडित डोकं खाजवत बसलेत, की हे कासव नर आहे की मादी? इथेच मला पहिलं हसू फुटलं.

आता गोष्ट ऐका. एक म्हातारा जादूगार मरायला टेकलाय. मरण्यापूर्वी आपली जादूची काठी योग्य वारसाला द्यायची, म्हणून तो डोंगरातल्या एका लोहाराच्या घरी येतो. आठव्या मुलाचा आठवा मुलगा जादूगार होतो, असा तिथला नियम. आठवा म्हटलं की आपल्याला देवकीचा आठवा आठवतो, तसंच काहीसं. म्हातारा घाईघाईनं तान्ह्या बाळाच्या हाती काठी सोपवतो आणि मरतो. सुईण बिचारी सांगायला धडपडत असते, पण तिचं ऐकतो कोण? बाळ निघते मुलगी!

ही सुईण म्हणजे गावची चेटकीण, ग्रॅनी वेदरवॅक्स. मैत्रिणींनो, या बाईच्या मी प्रेमात पडले आहे. करारी, हट्टी, आणि आपलं चुकलं हे कबूल न करणारी. जादूपेक्षा तिचा भरवसा माणसाच्या मनावर जास्त. डोक्यावर टोकदार टोपी असली की लोक आपोआप मान देतात, हे ती पक्कं ओळखून आहे. (वर्गात शिरताना मी चष्मा का चढवते, ते मला त्या दिवशी कळलं!) तिचा उडणारा झाडू इतका जुना, की तो सुरू करायला तिला हातात धरून धावावं लागतं. आमच्या ह्यांची जुनी स्कूटर मी अशीच कितीदा ढकलली आहे!

पण मुलीनं जादूगार व्हायला पहिला विरोध करते ती हीच ग्रॅनी. बायकांची जादू वेगळी, पुरुषांची वेगळी, असं आजवर कधी झालं आहे का, हे तिचं म्हणणं. मात्र पोरीच्या अंगातली जादू झाकून राहीना, तेव्हा हीच म्हातारी तिला बरोबर घेऊन दूरच्या शहरातल्या जादूच्या विद्यापीठाची वाट धरते.

तिथे भरल्या सभेत आठ-नऊ वर्षांची एस्क आपली जादू दाखवायला उभी राहते आणि ऐन वेळी तिला काही जमत नाही. सगळे जादूगार खो खो हसतात. इथे मात्र माझं हसू थांबलं. इतका वेळ पानोपानी हसवणाऱ्या लेखकानं, हसण्याचे दोन प्रकार असतात, हे एका क्षणात दाखवून दिलं. पुढच्या दारानं नाकारलेली एस्क मग मागच्या दारानं मोलकरीण म्हणून आत जाते. जादूची काठी झाडूच्या वेशात! झाडता झाडता ती व्याख्यानं ऐकते. हातात झाडू असलेल्या मुलीकडे बघतो कोण?

त्या रात्री शेंगा सोलताना मी सासूबाईंना सगळी गोष्ट मराठीत सांगितली. कासव, हत्ती, ढकलायचा झाडू. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. झाडणाऱ्या एस्कपर्यंत आले, तशा गप्प झाल्या. त्यांना चौथीनंतर शाळेतून काढलं होतं. मी नोकरी धरली तेव्हा 'घर कोण बघणार?' म्हणणाऱ्या त्याच होत्या, आणि महिन्याभरानं माझा डबा भरून हातात देणाऱ्याही त्याच.

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "मग घेतलं का गं शेवटी त्या पोरीला?"

"घेतलं, आई."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

तुम्हालाही वाचावंसं वाटलं, तर दोन सूचना. मालिका पहिल्यापासूनच वाचायला हवी असं नाही, खुशाल या तिसऱ्या पुस्तकापासून सुरुवात करा. आणि शब्दाशब्दाला कोश उघडू नका. पदवीपुरतं इंग्रजी असलं तरी गोष्ट कळते, राहिलेले विनोद दुसऱ्या वाचनात सापडतात. हो, आणखी एक. या पुस्तकाला प्रकरणंच नाहीत. 'एवढं प्रकरण संपवून उठते' असं म्हणायची सोय नाही. तेव्हा आधी गॅस बंद करा, मग पुस्तक उघडा!

आणि डब्यामागे लपवू नका. मी आता माझं उघड्यावरच ठेवते, पोथीशेजारी.