तटस्थ देश परक्या युद्धात का ओढला जातो?

तटस्थ देश परक्या युद्धात उतरतो तो जनतेने कौल दिला म्हणून नव्हे, जनतेला न विचारता निर्णय घेता येतो म्हणून. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एका घोषणेने भारताला महायुद्धात ढकलले. तेव्हा आपण गुलाम होतो. पण स्वतंत्र, अलिप्ततावादी भारताचे काय?

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला. श्रीलंकेतील यादवी थांबविण्यासाठी आपली शांतिसेना गेली. लिट्टेने करार झुगारला आणि ऑक्टोबरपासून शांततेची हमी घेतलेला भारतच लढणारा पक्ष झाला. १९९० पर्यंत सुमारे १२०० जवान कामी आले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महार पलटणीचे.

ही महार रेजिमेंट १९४१ साली बाबासाहेबांच्या आग्रहामुळे उभी राहिली. सुभेदार रामजींचे आंबडवे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. देशरक्षणात आमचा समाज कधी मागे हटला नाही. म्हणूनच विचारण्याचा हक्क आम्हाला आहे : सह्या करणारे कोण आणि परक्या मातीत मरणारे कोण?

घटनेचे ५१ वे कलम राज्याला आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटण्यास सांगते. परंतु सैन्य परदेशी पाठविण्याआधी संसदेची संमती घेण्याचे बंधन घटनेत नाही. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील युद्धाविरुद्ध ठराव केला. जुलैत वाजपेयी सरकारने अमेरिकेची सैन्याची मागणी नाकारली. लोकप्रतिनिधी बोलले की फरक पडतो. पण ते बोलणे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर नको. संसदेच्या पूर्वसंमतीचा कायदा करा, ही मागणी गावोगावच्या शाखांनी आपापल्या खासदाराकडे लेखी नोंदवावी.