रिकाम्या गोलसमोरची रांग

२०२४च्या जानेवारीत कतारमधल्या आशिया चषकात भारताचा फुटबॉल संघ तीन सामने खेळला आणि तिन्ही हरला. ऑस्ट्रेलियाने दोन, उझबेकिस्तानने तीन आणि सीरियाने एक असे सहा गोल आपल्यावर झाले. आपला एकही नाही. मग ठरलेला निवाडा आला : पोरांना फिनिशिंग येत नाही, शूटिंगचा सराव वाढवा. निदानाबद्दल माझं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते औषधाबद्दल. शूटिंगचा सराव म्हणून आपल्या बहुतेक मैदानांवर जे चालतं, ते दुप्पट केलं तरी नेम सुधारणार नाही.

काय चालतं ते बघा. मोठ्या डीच्या टोकाला पंगत बसावी तशी वीस पोरांची रांग. मध्ये सर उभे. पोरगं चेंडू सरांकडे देतं, सर तो अलगद बाजूला सरकवतात, पोरगं धावत येऊन सणसणीत किक मारतं, मग स्वतःच चेंडू आणायला पळतं आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहतं. गोलमध्ये बहुधा कुणीच नसतं, किंवा त्या दिवशी ज्याचा पाय दुखतोय असा कुणीतरी असतो. एका फटक्याला दहा सेकंद धरा. अर्ध्या तासात १८० फटके होतात, म्हणजे एकेका पोराच्या वाट्याला नऊ. बाकीचा वेळ पुढच्याच्या पाठीवरचा नंबर वाचण्यात जातो.

या रांगेची बाजू घेणारे काही मूर्ख नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की पुनरावृत्तीशिवाय हातापायात काहीच उतरत नाही. डेव्हिड बेकहॅम सराव संपल्यावर मागे थांबून फ्री-किक मारत राहायचा. ६ ऑक्टोबर २००१ला ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रीसविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी त्याची फ्री-किक जाळ्यात गेली आणि इंग्लंड थेट विश्वचषकात पोचलं, ती त्या घोटण्याचीच कमाई होती. हे मला मान्य आहे. आणखीही एक मान्य करतो. २०१७ला आपल्याच देशात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आपल्या आघाडीच्या फळीत होता, संघ तिन्ही सामने हरला आणि भारताचा एकुलता एक गोल कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर हेडने केला. थांबलेल्या चेंडूवरून सुरू होणारा खेळ घोटावाच लागतो. तिथे चेंडू निश्चल असतो, वेळ तुमच्या हातात असते आणि अंगावर कुणी येत नाही.

पण बाकीचे गोल असे होत नाहीत. चालू खेळातल्या गोलांचा मोठा वाटा एका स्पर्शातल्या फटक्यांचा आणि डीच्या आतला असतो. चेंडू कमरेएवढ्या उंचीवर येतो, उसळत येतो, मागून येतो, कुणाच्या तरी नडगीला लागून दिशा बदलून येतो. युरोपातल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा साधारण दहा फटक्यांत एक गोल होतो. मोठ्या डीच्या बाहेरून मारलेल्या फटक्यांत तर तीसेकांत एखादा. आपली रांग नेमकी तिथे उभी असते, जिथून गोल सगळ्यात कमी होतात. आणि ज्या पुनरावृत्तीच्या नावाने ती उभी केली, ती तरी कुठे मिळते? अर्ध्या तासात नऊ किका म्हणजे घोटणं नव्हे. घोटायचं असेल तर शाळेची भिंत आहे. पाच सेकंदांना एक किक धरली तरी दहा मिनिटांत पोरगं भिंतीवर १२० वेळा चेंडू मारतं, तेही दोन्ही पायांनी. आठ-नऊ वर्षांच्या पोराला पायाचा कुठला भाग चेंडूला लावायचा हे कळेपर्यंत ही भिंतच उत्तम गुरू आहे. तिच्यासाठी ना गोल लागतो, ना रांग.

या पद्धतीच्या मुळाशी एक समजूत आहे : नेम पायात असतो. पाय तयार झाला की गोल आपोआप होतील. ही समजूत भूमितीपुढेच टिकत नाही. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. १८ मीटरांवरून मारताना दिशा एका अंशाने चुकली, तर चेंडू गोलपाशी पोचेपर्यंत ३१ सेंटिमीटर सरकलेला असतो. आता ‘कोपऱ्यात मार’ हा मैदानावरचा लाडका आदेश तपासा. खांबाच्या अर्धा मीटर आत नेम धरला, तर दीड अंशाच्या थोड्या पुढच्या चुकीला चेंडू बाहेर. एक मीटर आत धरला, तर तीन अंशांची चूकसुद्धा माफ होते. धावता धावता, कुणीतरी खांद्याला खांदा लावत असताना दीड अंश सांभाळणारा पाय जगात थोड्यांकडेच असेल. म्हणून बारा वर्षांच्या पोराला ‘कोपऱ्यात मार’ सांगणं म्हणजे त्याला चुकायला शिकवणं आहे. खांबाच्या मीटरभर आत आणि जमिनीलगत, एवढं सांगावं. त्या वयाच्या गोलीला तिथे झेपावणं अवघडच जातं.

पण ‘मीटरभर आत’ तरी कुठल्या बाजूला? गोली जवळच्या खांबाला चिकटलाय का, पुढे सरसावलाय का, त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, यावर ते ठरतं. म्हणजे लक्ष्य फटक्याच्या अर्धा सेकंद आधी जन्माला येतं, आणि ते शोधणं हाच नेमाचा अर्धा भाग आहे. रिकाम्या गोलमध्ये सगळेच कोपरे सारखे असतात. तिथे शोधायचं काही नसतं, म्हणून डोळ्यांना कामही नसतं.

जोराबद्दल दोन वाक्यं पुरेत. नेम धरायला सांगितलं की चेंडूचा वेग उतरतो, हे किकवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे आणि कुठल्याही खेळाडूला ते अनुभवाने माहीत आहे. तरी रांगेत टाळी पडते ती जाळी फाडणाऱ्या किकला, आणि ती कंपाउंडच्या भिंतीवरून रस्त्यावर गेली तर जरा जास्तच.

आता सरावाच्या रचनेकडे. १९७८मध्ये केर आणि बूथ या संशोधकांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला लावल्या. आठ वर्षांच्या मुलांतल्या एका गटाने कायम तीन फुटांवरूनच सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा झाली तीन फुटांवर, आणि ज्यांनी त्या अंतरावर सराव केलाच नव्हता ती मुलं सरस ठरली. नंतर असे प्रयोग बॅडमिंटनच्या सर्व्हिसवर आणि बेसबॉलच्या फटक्यांवरही झाले. एकच गोष्ट सलग करणाऱ्यांपेक्षा सरमिसळ करणारे सरावात अडखळत होते, पण नंतरच्या चाचणीत पुढे गेले. खेळाच्या मैदानावर हा परिणाम प्रयोगशाळेइतका ठळक दिसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अगदी नवख्या मुलांना फार सरमिसळ गोंधळातही टाकते. तरी रांगेवरचा विश्वास कुठून येतो ते यातून कळतं. रांगेत नवव्या फटक्यापर्यंत पोरगं सुधारलेलं दिसतं. सर खूश, पालक खूश. ती सुधारणा बुधवारपर्यंत टिकली का, हे कुणी बघत नाही.

दडपणाचाही मुद्दा आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या, २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुटबॉलपटूंची नजर पेनल्टी मारताना टिपली गेली. घबराट वाढवली, तेव्हा ते गोलीकडे लवकर आणि जास्त वेळ बघू लागले, आणि फटके गोलीच्या आवाक्यात, मध्याकडे जाऊ लागले. डोळा जिकडे, पाय तिकडे. गोलीच नसलेल्या सरावात ही खोड ना दिसते, ना मोडते.

आंतोनिन पानेंकाची गोष्ट मला याच कारणासाठी आवडते. २० जून १९७६ला बेलग्रेडमध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीच्या सेप मायरसमोर त्याने पेनल्टी मारली नाही, मधोमध हलकेच तरंगत सोडली. मायर आधीच एका बाजूला झेपावला होता. ही लहर होती असं अजूनही बोललं जातं. खरं तर पानेंका आपल्या बोहेमियन्स क्लबात सरावानंतर गोली झ्देन्येक ह्रुश्काबरोबर पैज लावून पेनल्ट्या मारायचा. पैज बिअरची नाहीतर चॉकलेटची. हरत होता म्हणून त्याने ही युक्ती शोधली आणि मग ती बराच काळ पारखली. समोर हाडामासाचा, हट्टी गोली आणि हरलं तर खिशाला चाट, असं त्या सरावात दोन्ही होतं. आपल्या पोरांना बिअर नको, वडापाव चालेल.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक टाळ्या वाजवतील. त्यांच्या मते ड्रिल ही गोष्टच मोडीत काढावी, नुसते सामने खेळवावेत. गल्लीत खेळून मोठे झालेल्यांची नावं ते धडाधड सांगतात. पण अकरा-अकरांच्या पूर्ण सामन्यात फॉरवर्डच्याही वाट्याला दोन-तीन फटके येतात, बचावपटूला तर एकही नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१२मध्ये ठरवलं, की आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी पाच-पाच, दहापर्यंतच्यांनी सात-सात आणि बारापर्यंतच्यांनी नऊ-नऊ जणांत खेळावं. माणसं कमी केली की चेंडू वारंवार पायाशी येतो. तरी छोटा सामना नुसता सोडून दिला, तर जो दांडगा तोच मारतो आणि लाजरं पोरगं कडेला धावत राहतं. खेळाला आकार द्यावा लागतो, आणि तेच ड्रिलचं काम.

तो आकार कसा द्यावा, ते सांगतो. मोठ्या डीची लांबी साडेसोळा मीटर. तिच्या दुप्पट, म्हणजे ३३ मीटरांवर दुसरा गोल आणा. हलता गोल नसेल तर दोन बांबू रोवा. आता मैदानावर जिथे उभे राहाल तिथे कुठल्या ना कुठल्या गोलच्या डीतच आहात. दोन्हीकडे गोली, मध्ये तीनास तीन, आणि कडेला चार पोरं चेंडू घेऊन उभी. चेंडू बाहेर गेला की सरांनी नाव पुकारायचं आणि त्या पोराने लगेच दुसरा आत सोडायचा : कधी जमिनीवरून, कधी हवेत, कधी मुद्दाम वाईट. दोन मिनिटांचा डाव, मग आतले काही बाहेर, बाहेरचे आत. एका स्पर्शात झालेल्या गोलाला दोन गुण. गोलीने अडवून सुटलेला चेंडू ढकलला, तर त्यालाही दोन, कारण असे गोल सामन्यात होतात आणि सरावात कुणी मोजत नाही. हरलेल्यांनी साहित्य उचलायचं. उरलेली आठ पोरं तोवर भिंतीवर, दहा-दहा मिनिटांनी अदलाबदल.

यात फटक्यांची संख्या रांगेपेक्षा फार वाढते, असा माझा दावा नाही. हिशेब केला तर ती जवळपास तेवढीच भरते. पण इथे प्रत्येक फटक्याआधी चेंडू घेणं, मान वर करून गोली बघणं, अंगावर आलेल्याला चुकवणं आणि कधीकधी न मारता बाजूच्याला देणं, हे सगळं येतं. सरांचं बोलणंही बदलायला हवं. ‘गुडघा चेंडूवर, घोटा ताठ, छाती पुढे’ अशी अवयवांची यादी ऐकत धावणारं पोरगं आखडतं. चेंडू कुठे लागावा आणि कुठे जावा एवढंच सांगितलं, तर शरीर आपली वाट काढतं. गाब्रिएले वुल्फ यांच्या संशोधनाचा रोखही असाच आहे. आणि मोजायचं ते सराव संपताना मोजू नये. पुढच्या खेपेला, अंग गरम झाल्यावर पहिल्या डावात किती फटके गोलच्या चौकटीत गेले, तेवढंच वहीत लिहावं.

एक आक्षेप मात्र असा आहे, ज्याला कुठलंच ड्रिल पुरं पडत नाही. इगोर स्टिमाच भारताचे प्रशिक्षक असताना सतत सांगत, की आयएसएलमध्ये बहुतेक क्लब नऊ नंबरच्या जागी परदेशी खेळाडू उतरवतात, मग भारतीय स्ट्रायकर घडणार कुठे? बरोबरच होतं ते. सराव कितीही सामन्यासारखा केला, तरी सामन्याची जागा तो घेत नाही. पण सतराव्या वर्षी त्या जागेसाठी भांडायला जाणारा पोरगा आधी दहा वर्षं कुठल्या मैदानावर काय करत होता, हे क्लबांच्या हातात नाही, आपल्या आहे.

या रचनेवर गोलींची तक्रार येते आणि ती रास्त आहे : त्यांना दम खायला मिळत नाही. म्हणून तीन किंवा चार गोली ठेवावेत आणि दर डावाला बदलावेत. एरवी आपण त्यांना कोपऱ्यात नेऊन हातांनी चेंडू फेकून झेल घ्यायला लावतो आणि सामन्यात समोरून पाय दिसला की ते गडबडतात. त्यांनाही फटका पायातून निघताना वाचायला इथेच मिळेल, आणि पैज जिंकली तर वडापावही.